शेजारच्या वहिनीला सहा महिने झोप नाही, आणि दाराशी बॅग बांधलेली आहे. मी नेमकं काय करू?

शिकवणीवाली_ताई (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी जळगावात सिंधी कॉलनीपासून चालत पाच मिनिटांवर राहते. घरीच पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, त्याला एकोणीस वर्षं झाली. समाजकार्याचं शिक्षण मी घेतलेलं नाही, म्हणून इथं विचारतेय.

माझ्याकडे नववीतली एक मुलगी येते. तिचे आईवडील, ती आणि धाकटा भाऊ असे चौघं सिंधमधल्या घोटकी जिल्ह्यातून २०१८च्या डिसेंबरात इथं आले. आजी तिकडेच राहिली, थोरल्या काकांकडे. आले तेव्हा साधा व्हिसा होता, नातेवाइकांना भेटायचा. पुढे दीर्घ मुदतीचा मिळाला, ज्याला इथं सगळे एलटीव्ही म्हणतात. वडील एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जातात. आई घरी पापड लाटते. मी तिला वहिनी म्हणते, ती मला दीदी.

२०२५च्या एप्रिलात पहलगामचा हल्ला झाला आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द केल्याची बातमी आली. एलटीव्ही असलेल्या हिंदूंना तो हुकूम लागू नाही, हेही सरकारने लगेच सांगितलं होतं. पण गल्लीत अर्धीच बातमी पोचली. त्या रात्री या घरात बॅग भरली गेली. निळी रेक्झिनची, चेन तुटलेली म्हणून परकराच्या नाडीने बांधलेली. एप्रिलपासून ती दाराशीच उभी आहे. पापड वाळत घालायला वहिनी ती रोज सरकवते आणि संध्याकाळी परत जागेवर आणून ठेवते.

तेव्हापासून तिला झोप नाही. रात्री गल्लीत मोटारसायकल थांबली की उठून बसते. छातीत धडधड होते, हात गार पडतात. एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी चांगला आला, रक्तही चांगलं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. वहिनीला हिंदी कामापुरतंच येतं, म्हणून सगळीकडे मुलगीच दुभाषी असते: बँकेत, शाळेत, दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही त्रास?" वहिनी खाली बघत सिंधीत म्हणाली, "रात्री झोपले की सकाळ उजाडूच नये असं वाटतं." मुलगी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "डोकं दुखतं म्हणतेय."

इतकी वर्षं या वस्तीत राहून मला थोडंफार सिंधी कळतं. मुलीला ते माहीत नाही. डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी लिहून दिली आणि आम्ही तिघी रिक्षात बसलो. वाटेत कोणीच बोललं नाही.

मी दोनशे पानी वही केली आहे. त्यात त्यांची सगळी हकिकत लिहून ठेवतेय, तिकडे काय सोसलं तेही. व्हिसाच्या तारखा, शाळेची फी, दवाखाना, सगळं एकाच वहीत. पण हे बरोबर चाललंय का ते कळत नाही. वहिनीशी त्या वाक्याबद्दल बोलू का? बोलले आणि तिच्या मनात जास्तच भरलं तर? आणि मुलीला काय सांगू?

धुळे_सिस्टर

ताई, आज संध्याकाळीच बोला. मुलगी घरात नसताना सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते मनात आलंय का?" विचारल्याने कोणाच्या मनात विचार घुसत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो, कसं करायचं तेही ठरवलंय" असं म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका आणि तडक सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. तोवर घरातली औषधं, फवारणीचं काही असेल तर ते, शेजारी नेऊन ठेवा. टेली-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, हिंदी-मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः फोन करून कसं बोलायचं ते त्यांना विचारलंत तरी चालतं.

शिकवणीवाली_ताई (जळगाव)

सिस्टर, बोलले. मुलगी क्लासला माझ्याकडे बसलेली असताना मी त्यांच्या घरी गेले. मोडक्यातोडक्या सिंधीत विचारलं. वहिनी खूप वेळ रडली. जीव द्यायचा नाही म्हणाली, मुलं आहेत. फक्त दमलेय म्हणाली. मी रात्री दहाला परत जाऊन आले.

तळोदा_शहादा

हे ऐकून बरं वाटलं. पण "मुलं आहेत" हे उत्तर आलं म्हणून केस हलकी समजू नका. दर भेटीत एकदा विचारत राहा, त्याच सरळ शब्दांत.

मी आधी दिल्लीत निर्वासितांबरोबर काम केलं: विकासपुरीकडे म्यानमारहून आलेली चिन कुटुंबं, लाजपतनगरकडे अफगाणी. भारताने निर्वासितांबाबतचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्यांचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे असायचे. तुमच्या कुटुंबाचे आहेत पोलिसांच्या परदेशी नोंदणीकडे. कागद वेगळे, पण घरातली ती मुलगी मला तिथं प्रत्येक घरात भेटली. दहा-बारा वर्षांची, कागदांची फाइल छातीशी धरलेली, आईच्या आधी उत्तर देणारी.

पहिलं काम तिला दुभाष्याच्या जागेवरून उठवायचं. ती खोटं बोललेली नाही, तिने आईला झाकलं. पण अशाने आई मुलीसमोर खरं बोलत नाही, मुलीला नको ते कळतं, आणि डॉक्टरला डोकेदुखी कळते. नवराही दुभाषी नको, जवळच्या नात्यातलं कोणी नको. वस्तीतली एखादी पोक्त बाई शोधा जी म्हणेल ते सगळं तसंच सांगेल, मधे स्वतःचं काही घालणार नाही आणि बाहेर कुठं बोलणार नाही. हे तिच्याकडून आधी कबूल करून घ्या. मुलीला एवढंच सांगा की दवाखान्याचं काम आता मोठ्या बायका बघणार आहेत. तुम्हाला सिंधी कळतं हे तिला आत्ता सांगू नका. पकडली गेल्यासारखं वाटेल तिला.

आता वही. तिच्यातली अर्धी पानं नको आहेत. तिकडे काय सोसलं ते तुम्ही लिहून ठेवायची गरज नाही, खोदून विचारायची तर मुळीच नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ऐका. आमच्या कामात ज्याला केस मॅनेजमेंट म्हणतात ते म्हणजे, एका माणसाचे दहा ठिकाणी विखुरलेले धागे कोणीतरी एकाने हातात धरायचे. आधी गरजा समजून घ्यायच्या, मग तिच्यासोबत बसून ठरवायचं, मग ते करायचं, झालं की नाही ते बघायचं, आणि एक दिवस हात सोडायचा. त्यासाठी एक पान पुरतं: तिला काय हवंय, ते कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, आणि प्रत्यक्षात काय झालं. ते पान तिच्या घरी ठेवा, तिच्या ताब्यात. तुमच्याकडे राहील त्यावर नाव घालू नका. कोणाशी काय बोलायचं त्याची परवानगी तिच्याकडून दर वेळी घ्या. आणि त्यांच्या कागदांचा एकही फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका.

"तिला काय हवंय" याबद्दल एक सांगते. आमच्याकडून दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात, नवराबायको मिळून एक कोयता. एक बाई पडावावर नवरा गमावून परत आली. झोपायची नाही, जेवायची नाही. आम्ही धरून चाललो की दुःख आहे, समुपदेशन हवं. तीन भेटी आम्ही तिच्याजवळ नवऱ्याचा विषय काढला आणि तिन्ही वेळा ती गप्प बसली. चौथ्या वेळी माझ्याबरोबरच्या कार्यकर्तीने विचारलं, "बाई, रातले झोप येत नही, तं डोकामा काय ऱ्हास?" म्हणजे रात्री डोक्यात काय असतं. तेव्हा ती म्हणाली, "उचल." मुकादम सांगत होता की नवऱ्याने हंगामाआधी घेतलेली उचल फिटली नाही, पुढच्या हंगामात पोराला पाठव. पोरगा तेरा वर्षांचा. आम्ही हिशोब मांडला, मुकादमाला चार माणसांत बसवलं, फिटली असं कागदावर लिहून घेतलं. त्या आठवड्यात ती झोपली. नवऱ्याबद्दल बोलली ती पुढच्या पावसाळ्यात, भात लावताना, आपणहून.

म्हणून वहिनीला विचारा की डोक्यात सगळ्यात वर काय आहे. तुम्हाला वाटेल ते नसेल. व्हिसा असेल, सासूचं म्हातारपण असेल, फी असेल. ते एक काम आधी हातात घ्या.

आपत्तीत आणि विस्थापनात मानसिक आधार कसा द्यायचा याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २००७ साली आली. त्यात चार थरांची उतरंड आहे. तळाशी सुरक्षितता आणि रोजच्या गरजा, त्यावर कुटुंब आणि वस्तीचा आधार, त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांची मदत, आणि सगळ्यात वरच्या छोट्या मडक्यात मानसोपचार. बहुतेकांना खालचे थर नीट मिळाले तर वर जावं लागत नाही. पण तुमच्या वहिनीला सहा महिने झोप नाही, आणि ते वाक्य आहे. तिला वरचा थरही लागेल. मानसोपचार ओपीडी आणि कागदांचं काम एकदमच सुरू करा, एकासाठी दुसरं थांबवू नका.

तिसऱ्या थराचं उदाहरण द्यायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली पाच बैठकींचा एक कार्यक्रम काढला. डॉक्टर नसलेली माणसंही तो शिकून घेऊ शकतात. श्वास संथ करणं, मोठ्या अडचणीतून आपल्याच्याने सुटेल असा तुकडा वेगळा काढणं, सुटलेली छोटी कामं परत धरणं, आणि आधार कोणाकडून घ्यायचा ते ओळखणं. प्रशिक्षणाशिवाय तुम्ही तो राबवू नका. पण "तुकडा वेगळा काढणं" हे गणित शिकवणाऱ्या बाईला मी काय सांगणार.

शेवटचं, आणि हे मला उशिरा समजलं. "सगळं ठीक होईल" असं म्हणू नका. तिचं काय होणार ते तुमच्या हातात नाही, आणि तिला खोट्या भरवशाची पारख आपल्यापेक्षा जास्त आहे. "बुधवारी चारला येईन" म्हणा आणि बुधवारी चारला जा. आठवड्यातला एकच दिवस ठरवा, रोज रात्री दहाला जाऊ नका. तुम्ही थकलात तर तिला वाटेल तिच्यामुळेच.

भुसावळ_निवृत्त

मी सरकारी नोकरीत परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम काही वर्षं पाहिलं आहे. घाबरण्यासारखं किती आणि नाही किती, हे त्या बहिणीला स्पष्ट सांगा.

जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. एलटीव्हीची मुदत ज्या तारखेला संपते ती मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा आणि मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज त्याच्या बराच आधी करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. मुदत उलटून राहिलं तर कायद्याने माणूस बेकायदा स्थलांतरित ठरू शकतो आणि पुढे नागरिकत्वाची वाट अडते. अर्जाची पोच छापून जपा. २०१६ साली केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याक समाजातल्या एलटीव्हीधारकांना काही सोयी दिल्या. बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतःचा धंदा, राहण्यापुरतं घर. म्हणजे वहिनी पापडाचा हिशोब स्वतःच्या खात्यावर ठेवू शकते. ठेवावाच.

नागरिकत्वाचं म्हणाल तर सीएएचं, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचं, नाव सगळे घेतात, पण ती सवलत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे. २०१८चं कुटुंब त्यात बसत नाही. त्यावर पैसे मागणारा एजंट भेटला तर लांब राहा. पण १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये दुसरी वाट आहे. ज्याचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातला, तो भारतीय वंशाचा धरला जातो आणि सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीने अर्ज करू शकतो. अर्जाआधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. डिसेंबर २०१८ धरून मोजा. नवऱ्याच्या वडिलांचा किंवा आईचा जन्म ऑगस्ट १९४७च्या आधीचा असेल तर पुरावा आत्तापासून शोधायला लागा. नवऱ्याचं झालं की बायकोमुलांच्या वाटा त्याच कलमात आहेत.

वकील लागेल तेव्हा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत मदत आहे. फोन १५१००.

सिंधी_कॉलनीतले_काका

बेटी, तुझा प्रश्न माझ्या सुनेने वाचून दाखवला. दुभाषीण माझ्या घरात आहे. माझी थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, तोंडाची घट्ट. त्या कुटुंबाशी आमचं नातं नाही. तिला मी सगळं समजावलं आहे, मधे काही घालणार नाही म्हणते.

आमचे वडील फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आले, आताचं उल्हासनगर, आणि तिथून इथं. माझ्या आईने जळगावात अकरा वर्षं कपाट घेऊ दिलं नाही. पैसे होते. पण कपाट उचलून नेता येत नाही, ट्रंक येते, असं तिचं म्हणणं. बाराव्या वर्षी ती स्वतः फुले मार्केटला गेली, दोन गाद्यांचं कापड आणलं, आणि मग म्हणाली आता कपाट बघा. आम्ही कोणी तिला कधी त्यावरून बोललो नव्हतो. तेव्हा त्या बॅगेला हात लावू नकोस, ठेव म्हणूनही सांगू नकोस आणि काढ म्हणूनही नको.

जुने कागद मिळाले आणि ते अरबी लिपीतल्या सिंधीत असले तर मला आणून दाखव. ती लिपी मला येते, वडिलांनी शिकवली.

शिकवणीवाली_ताई (जळगाव)

उशिरा लिहितेय, साडेतीन आठवडे झाले.

काकांच्या बहिणीला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीत गेलो. नंबर यायला सव्वादोन तास लागले. आत गेल्यावर मात्र डॉक्टरबाईंनी वेळ दिला. वहिनी जे बोलली ते आत्याबाईंनी शब्दाला शब्द सांगितलं, ते वाक्यसुद्धा. सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. गोळ्या सुरू झाल्यात. पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं, तेही झालं. रात्री तीनपर्यंत झोप लागते आता, मग जाग येते. पूर्वी साडेअकरालाच उठून बसायची.

तळोद्याच्या ताईंनी सांगितलं तसं विचारलं, डोक्यात सगळ्यात वर काय आहे. मी व्हिसा समजून बसले होते. ती म्हणाली, सासू. एप्रिलपासून त्यांनी भीतीने तिकडे फोनच केलेला नाही. सासूला वाटत असेल आम्हाला धरून नेलं, आणि ती गेली तरी आम्हाला कळणार नाही. भुसावळच्या काकांना मी इथंच खासगी निरोपात विचारलं, त्यांनी काय काळजी घ्यायची ते सांगितलं. मग नोंदणीच्या ऑफिसात नवऱ्याने स्वतः जाऊन विचारलं आणि तिथल्या माणसाने आईला फोन करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. रविवारी फोन लागला. चार मिनिटं. वहिनी फोनवर काय बोलली मला कळलं नाही, दोघी एकदमच बोलत होत्या.

पान एकच केलंय, तिच्या घरी पिठाच्या डब्याखाली असतं. वहीतली तिकडच्या हकिकतीची पानं मी तिच्यासमोर फाडली. ती बघत राहिली, मग तिनेच ती चुलीत घातली. माझा दिवस बुधवार, चार वाजता. पहिल्या बुधवारी पाच मिनिटं उशीर झाला तर ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. त्यानंतर पावणेचारला निघते.

जन्माचा पुरावा कुठं असेल असं नवरा-बायको बोलत होते आणि वहिनी उठून बॅगेकडे गेली. नाडीची गाठ ओली होऊन वाळून दगडासारखी झालेली. दातांनी सोडवली. वरती मुलांचे स्वेटर होते, एप्रिलात भरलेले, कारण कुठं नेऊन सोडतील काय माहीत. त्याखाली पापडाचं लाटणं. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला. काकांनी चष्मा लावून वाचला. जन्मसाल १९३८ स्पष्ट आहे, गावाच्या नावावरून घडी गेल्यामुळे पहिलीच दोन अक्षरं दिसतात.

दाखला काढून घेतल्यावर वहिनीने बॅग परत बांधली. लाटणं मात्र बाहेर राहिलं. मी काही बोलले नाही.

भुसावळकर काका, गावाचं नाव पुसट असलं तर तो दाखला चालेल का, की दुसरं काही जोडावं लागेल?

भुसावळ_निवृत्त

नुसत्या त्यावर विसंबू नका. काकांकडून भाषांतर करून घ्या, पण अर्जाला कुठलं भाषांतर आणि कुठला साक्षांकित कागद लागेल ते विधी सेवेच्या वकिलाकडून ठरवून घ्या. नवऱ्याच्या पासपोर्टवरचं वडिलांचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरानिशी जुळतं का ते आधी बघा. निम्म्या फाइली तिथंच अडकतात.

शिकवणीवाली_ताई (जळगाव)

बघितलं. एका अक्षराचा फरक आहे. मंगळवारी सकाळी अकराला वकिलांची वेळ घेतलीय. वहिनी, तिचे यजमान, आत्याबाई आणि मी जाणार आहोत. मुलीने विचारलं, मी येऊ का. वहिनीच म्हणाली, तुझा विज्ञानाचा पेपर आहे.